चार घरांचे पंख

आमच्या विमानाचे चार पंख चार घरांत झाले. कॉलेजात हे ज्याला सांगितलं तो आधी हसला. मी मात्र ते पहिल्याच ओळीत लिहिते आहे, कारण पुढे कुठेतरी हळूच सांगितलं तर मला त्याची लाज वाटते असं दिसेल. मला लाज वाटत नाही. वाटली होती, पण एकच दुपार.

मी नारायणगावच्या बाजूला इंजिनिअरिंग शिकते. घर मढच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. आमच्याकडे भात आणि नाचणी. घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही, त्यामुळे तिथे काय विचारायचं असतं आणि काय नसतं हे सांगणारं कोणी नव्हतं. पहिलं वर्ष मी काहीच विचारलं नाही. तोंडी परीक्षेत उत्तर यायचं, पण ते घशातून वर येईपर्यंत सर पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे.

विमानाचं खोकं लॅबमधल्या कपाटावर पडून होतं. कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते भेट दिलं होतं. आत एका मोठ्या बायप्लेनचं किट होतं, म्हणजे एकावर एक असे दुहेरी पंख असलेलं विमान, रिमोटवर उडणारं. पंखांची लांबी माझ्या वडिलांच्या उंचीपेक्षा जास्त. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या कापलेल्या फासळ्या, प्लायवूडचे तुकडे, चादरीएवढा नकाशा आणि इंग्रजी पुस्तिका. एवढं असून ते कोणी हातात घेतलं नव्हतं. विभागप्रमुख सरांनी एकदा वर्गात विचारलं की कॉलेजच्या प्रदर्शनासाठी हे कोण तयार करेल, तेव्हा सगळे वहीत बघायला लागले. मी हात वर केला. का केला, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक कारण असं असेल की लाकूड तोंडी परीक्षा घेत नाही.

सर म्हणाले, बनव. नीट झालं तर आणे गावच्या पठारावर उडवू, तिथे मोकळा माळ आहे. उडवायला पुण्याहून जाणकार माणूस बोलावू. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, "उडवणं तुझं काम नाही. तू बनवण्याकडे लक्ष दे."

मी मान हलवली. पण त्याच क्षणी माझ्या मनात पक्कं झालं होतं की उडवणार मीच.

माझ्या शेजारच्या बाकावर एक द्राक्षबागायतदाराचा मुलगा बसायचा. त्याच्या घरी फवारणीचा ड्रोन होता आणि त्याच्याकडे स्वतःचं फोमचं छोटं विमान होतं. तो मला पावणं म्हणायचा, कारण त्याच्या लेखी मढ म्हणजे दुसरा देश. खोकं मी घरी नेणार हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "काय पावणं, मढला विमान उतरवायची सोय हाय का? तिथं एसटी उतरती तीच देवाच्या मर्जीनं."

मी त्याला म्हटलं, तुझं फोमचं विमान मला शिकव. तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "पाडशील." मी म्हटलं, पाडीन. त्याने शिकवलं. टोमॅटो उपटून झालेल्या त्यांच्या रानात आम्ही जायचो. विमान लांब जात असताना सगळं सोपं असतं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथे सगळे नवखे पाडतात. मीही पाडलं, पुष्कळदा. मग मी विमानाकडे समोरून येणाऱ्या बैलासारखं बघायला लागले. समोरून बैल येतो तेव्हा त्याचं उजवं शिंग माझ्या डाव्या हाताला असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यानंतर पाडायचं कमी झालं.

हिवाळ्याच्या सुट्टीत खोकं घरी आणलं. भात झोडून झालं होतं, त्यामुळे पडवीत जागा होती. वडिलांनी बाल्साची एक पट्टी हातात घेतली, वजन बघितलं, वाकवून बघितली आणि विचारलं, "हे लाकूड हाय का पापड?" मी सांगितलं की हे हलकं आहे म्हणूनच उडतं. ते म्हणाले की हलकं तर भुसकाटही असतं. पण पट्टी त्यांनी दोन्ही हातांनी, जपून खाली ठेवली.

सुरुवातीला मी एकटीच बसले. विमानाचा सांगाडा उभा राहिला, शेपटी झाली. पंखाशी येऊन अडकले. एका पंखात इतक्या फासळ्या, प्रत्येक घासायची, दांड्यात बसवायची, सरळ आहे का बघायची, डिंक सुकेपर्यंत दाबून धरायची. असे पंख चार: वर दोन, खाली दोन. सुट्टी संपेपर्यंत एखादा झाला असता.

चुलते रोज संध्याकाळी येऊन बसायचे आणि बघायचे. एका संध्याकाळी ते वडिलांना म्हणाले, "पोरगी एकटीच खाचर बांधतीय. आपुन बघत बसायचं व्हय?"

आमच्या डोंगरात भाताच्या खाचराला दगडाचा बांध घालायचा तर ते एका घराच्या आवाक्यातलं काम नसतं. मग काही घरं एकत्र येतात. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. याला पडकई म्हणतात. ज्याचं खाचर त्याने जेवण घालायचं, आणि पुढे ज्याच्या-त्याच्या कामाला जाऊन ती मेहनत फेडायची. यात एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही पण सगळे पाळतात. आलेल्या माणसाच्या कामाला नाव ठेवायचं नाही. त्याच्या वाट्याचा बांध त्याने त्याच्या नजरेने घालायचा.

पडकई उन्हाळ्यातली. वडील म्हणाले की ही अवकाळी पडकई. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलते आले, आत्या आली, शेजारच्या काकू आल्या. आत्याचं सासर आमच्याच गावात आहे. आईने जेवणाचं बघितलं. मी एक फासळी सगळ्यांसमोर बसवून दाखवली, नकाशाच्या झेरॉक्स दिल्या, आणि चार पंख चार घरांत वाटले गेले. चुलत्यांनी घासायला कानस घेतली. काकूंच्या हाताला शिवणाची सवय होती, त्यांची जोडणी माझ्यापेक्षा साफ होती.

पुस्तिकेत पहिल्या पानावर लिहिलं होतं: पंख पूर्ण सपाट फळीवर बांधावा. मी ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. चुलत्यांनी खाट पालथी घातली. काकूंनी लोखंडी पेटीचं झाकण घेतलं. आत्याने मागचं दार बिजागरीवरून काढून आडवं टाकलं. मी आमच्या सारवलेल्या पडवीत बसले. प्रत्येकाला आपापली जागा सपाट वाटली. आम्ही खाचरं करणारी माणसं. खाचर फक्त त्याच्यातल्या पाण्याला सपाट असावं लागतं. वरच्या खाचराची आणि खालच्याची पातळी एक असावी असं आमच्याकडे कोणाच्या मनातही येत नाही, आणि आलं तर डोंगरात भातच होणार नाही. माझ्याही मनात आलं नाही.

पंख झाले. त्यांच्यावर लाल फिल्म चढवली. ती प्लॅस्टिकसारखी असते, वरून गरम इस्त्री फिरवली की आकसून ढोलाच्या कातड्यासारखी ताणली जाते. इस्त्री काकूंची. फिल्म ताणली गेली की काकू टिचकी मारून आवाज ऐकायच्या.

मग मोटर बसवायची होती. किट पेट्रोलच्या इंजिनासाठी होतं, आणि इंजिन खोक्यात नव्हतं. सर म्हणाले होते की विजेची मोटर लाव, ती लॅबमध्ये आहे. बॅटरी शेजारच्या बाकावरच्याने दिली, त्यांच्या ड्रोनची. अडचण अशी होती की मोटर इंजिनापेक्षा हलकी. नाक हलकं झालं की शेपटी जड पडते, आणि शेपटी जड असलेलं विमान नाक वर करून उभं राहतं आणि मग दगडासारखं खाली येतं. म्हणून बॅटरी अगदी पुढे, मोटरच्या पाठीला चिकटून ठेवावी लागली. तिथे जागा नव्हती. प्लायवूड कोरून ती केली. वरच्या पंखाखाली दोन्हीकडून बोटं लावून विमान उचललं आणि नाक किंचित खाली झुकलं, तेव्हा मी खूश झाले. आईने विचारलं, खाली बघतंय ते बरं का? मी म्हटलं, थोडं खाली बघितलेलंच बरं.

मोटर पहिल्यांदा चालवली ती अंगणात. मी विमानाच्या शेपटीला गाईचं दावं बांधलं आणि दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. सगळ्यांना मागे उभं केलं. रिमोटची काडी हळूहळू पुढे सरकवली. आधी घुंई असा आवाज, मग दावं ताणलं, मग अंगणातला सगळा भुसा आणि कोंबड्या एकदमच मागच्या कुडापर्यंत गेल्या. काडी मागे घेतली. आत्या पदर झटकत म्हणाली, "ह्याच्या म्होरं भात वारवून घ्यावं. सूप तरी झिजायचं न्हाई."

वडील खुंट्यापाशी गेले आणि तो हलवून बघितला. जरा सैल झाला होता. ते हसले नाहीत, पण त्यांनी तो पुन्हा ठोकला आणि मला म्हणाले, आता लाव पुन्हा.

सुट्टी संपली. विमान सुटं करून जीपच्या टपावर बांधून कॉलेजात नेलं. लॅबमध्ये जोडलं. सगळा वर्ग भोवती जमला. लाल दुहेरी पंख, त्यांच्या मध्ये उभे टेकू. शेजारच्या बाकावरचा गप्प होऊन बघत होता, आणि तो गप्प होणं ही साधी गोष्ट नाही. मग सरांनी कोन मोजायचं छोटं यंत्र आणलं आणि ते एकेका पंखावर, आधी मुळाशी आणि मग टोकाशी, ठेवून बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांनी चारही पंखांचे आकडे फळ्यावर लिहिले. प्रत्येकाचा पीळ वेगळा. एक पंख जवळजवळ बरोबर होता, दोन थोडे चुकलेले, आणि खालचा डावा चांगलाच पिळलेला.

सर म्हणाले, "हे चार पंख एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. कशावर बांधलेस?"

मी खरं सांगितलं. खाट, पेटी, पडवी, दार. दार म्हटल्यावर वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं की खिडकीपण लावायची होती. सर हसले नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले की मेहनत दिसते आहे, हे विमान आपण उडवायचं नाही, प्रवेशद्वारापाशी काचेच्या पेटीत ठेवू, खाली तुझं नाव लिहू. उडवायचंच असेल तर पुण्यात एकजण पंख तयार करून देतो, चारही नवे लावू. बाकी सगळं तुझंच राहील.

ती एक दुपार मला लाज वाटली. जीपमध्ये बसून मी मनात आत्याला, चुलत्यांना, स्वतःला बोलत होते. कशाला दिलं त्यांना. एकटीने केलं असतं, उशीर झाला असता, पण झालं असतं. मग माळशेजच्या रस्त्याला लागल्यावर मला आठवलं की माझा पंखही सरळ नव्हता. एकटीने केले असते तर चारही आमच्या पडवीसारखे झाले असते. आणि सुट्टीत एकच झाला असता.

पुढच्या सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. बाहेर बराच वेळ उभी राहिले, हे खरं आहे. आत जाऊन म्हणाले, "सर, पंख बदलायचे नाहीत. मी हेच सरळ करून आणते."

सर म्हणाले, "आणि नाही झाले तर?"

"होईपर्यंत करीन."

हे वाक्य घशात अडकलं नाही. मला त्याचंच आश्चर्य वाटलं. सर म्हणाले, घेऊन जा, पण प्रदर्शनाच्या आधी मला पुन्हा मोजायचं आहे.

विमान पुन्हा घरी आलं. आता कसोटी अशी होती की खालचा डावा पंख आत्याचा होता. पडकईला आलेल्या माणसाला तुझा बांध वाकडा आहे म्हणून कसं सांगायचं? आमच्याकडे असं झालं तर कोणी बांध उकलत नाही. सगळे मिळून पहार लावतात, दगड जागच्या जागी सरकवतात, आणि बोलणं दुसरंच काहीतरी चालू ठेवतात. मी तेच करायचं ठरवलं. फिल्म गरम केली की ती पुन्हा आकसते. पंख उलट्या बाजूला पिळून धरायचा, वरून इस्त्री फिरवायची, निवेपर्यंत सोडायचा नाही. मी आत्याला म्हटलं, जरा धरायला ये, फिल्म सैल झाली आहे. तिने टोक धरलं. मी म्हटलं, पुढची कड वर उचल आणि मागची खाली दाब. तिने पिळलं. मी इस्त्री फिरवत राहिले. बराच वेळ झाल्यावर ती म्हणाली, "पीळ काढतीय व्हय?"

मी इस्त्री आणखी एकदा कडेवरून फिरवली.

"माझं दार वाकडं हाय हे मला लगीन झाल्यापास्नं ठाव हाय. लागतच न्हाई ते. सांगायचं तरी, बाय."

मग ती इतकी हसली की माझ्या हातातली इस्त्री हलली आणि फिल्मला भोक पडलं. तिथे लाल ठिगळ लावलं. ते अजून दिसतं.

इस्त्रीने बराच पीळ गेला, सगळा गेला नाही. मग मी पुस्तिका पुन्हा उघडली. चित्रात वरच्या आणि खालच्या पंखांच्या मध्ये तिरप्या तारा होत्या, आणि खाली लिहिलं होतं की या शोभेसाठी आहेत, नाही लावल्या तरी चालतील. मी विचार केला की शोभेच्या कशाला. खऱ्या लावल्या तर? मागची तार आवळली की पंखाची मागची कड ओढली जाईल. पुढची आवळली की पुढची. चारही पंख एकमेकांना बांधलेले असतील तर एकाचा उणेपणा दुसरा ओढून घेईल. सायकलच्या ब्रेकच्या तारा आणल्या. त्यांच्या टोकांना आवळायचे छोटे स्क्रू लावले. टेकूंना पातळ पत्रा वाकवून कान केले. चुलते एक तार आवळायचे, मी समोरची सैल सोडायचे. वडील पाण्याची पातळनळी घेऊन आले, घराच्या जोत्याला लावतात ती, आणि दोन्ही टोकांना धरून बघायचे. कामात ते फार बोलत नाहीत. "हं" म्हणजे थांबा, आणि "हं हं" म्हणजे अजून. पुष्कळदा "हं हं" झालं.

सरांनी पुन्हा मोजलं. आकडे जवळ आले होते. खालचा डावा अजून थोडा उणा होता, पण विमान उडवता येईल इतकाच. सरांनी तारांना बोट लावून बघितलं आणि म्हणाले, ब्रेकची तार? मी हो म्हटलं. ते म्हणाले, बरं, बघू पुण्याचे काय म्हणतात.

आण्याच्या पठारावर फेब्रुवारीत सगळं वाळलेलं असतं. आमच्याकडच्या माणसाला तिथे गेल्यावर आधी घशाला कोरड पडते. प्रदर्शनाची मुलं, काही शिक्षक, आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं असे बरेच जमले होते. वडील, चुलते आणि आत्या पहाटे निघून जीप बदलत आले होते. काकूंना येता आलं नाही. विमान उडवायला बोलावलेले पुण्याचे गृहस्थ गाडीतून उतरले. त्यांनी विमान फिरून बघितलं. मोटर चांगली म्हणाले, बॅटरीची जागा चांगली म्हणाले. मग तारांपाशी आले. एक तार बोटाने छेडली. ठिगळ बघितलं. सरांना बाजूला घेतलं, पण माळावर बाजूला जाऊनही सगळं ऐकू येतं. ते म्हणाले की हे विमान पंखांवर नाही, तारांवर उभं आहे. वर एखादी सुटली तर ते दुमडेल. मी याला हात लावणार नाही, माझं नाव जाईल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी या तारा ओढल्या नव्हत्या.

सर माझ्याकडे आले आणि म्हणाले की ठीक आहे, इथे फोटो काढू, मग काचेच्या पेटीत ठेवू.

मी म्हणाले, "सर, मी उडवते."

"ते तुझं काम नाही, हे मी पहिल्यांदाच सांगितलं होतं."

"हो सर. तेव्हाही मी उडवायचंच ठरवलं होतं."

हे सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. सरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले की सगळ्यांसमोर पडलं तर काय दिसेल. मी म्हटलं की पडलं तर मी उचलून आणीन. शेजारच्या बाकावरचा पुढे झाला आणि म्हणाला, "सर, माझं विमान हिनं लई पाडलंय. आता पाडायचं शिल्लकच न्हाई राहिलं हिच्याकडं." काही जण हसले. आत्या मागून, कोणालाच उद्देशून नाही अशा बेताने म्हणाली की मग काय पूजा करायला आणलंय का.

सर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी मुलांना मागे सरकवायला सुरुवात केली. मी तेवढ्यालाच हो धरलं.

प्रत्येक तार पुन्हा तपासली. रिमोट गळ्यात अडकवला. वारा समोरून होता. काडी अगदी सावकाश पुढे केली. विमान धावायला लागलं, शेपटी उचलली गेली, डावीकडे ओढलं. मी उजवीकडे दाबलं. ते उचललं गेलं. मी उचललं असं म्हणवत नाही, ते उठलं. लगेच डावा पंख खाली जायला लागला, आत्याचा, आणि मी उजवीकडे दाब धरून ठेवला. पूर्ण वेळ तो दाब सोडला नाही. वर गेल्यावर तारांमधून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पुस्तिकेत याबद्दल काही नव्हतं. मला वाटलं तार सुटतेय, पण ते चाललं होतं.

एक मोठं वळण घेतलं. मग ते आमच्याकडे यायला लागलं, दोन्ही पंख समोरून सरळ दिसले, वरचा आणि खालचा. डावं-उजवं उलटं झालं. मी बैल आठवला. चुकले नाही. डोक्यावरून गेलं तेव्हा वडील वर बघत हळूहळू पूर्ण वळले, टोपी हाताने धरून. अजून एक फेरी मारली. त्याहून जास्त मारली असती, पण बोटं दुखायला लागली होती, आणि थकून पाडायचं नव्हतं.

उतरवताना चुकलं. जरा जोरात आले, चाकं आपटली, विमान उडी मारून डावीकडे वळलं आणि खालच्या डाव्या पंखाचं टोक जमिनीला घासत मोडलं. एक चाक निखळून वस्तीवरच्या माणसांच्या पायापर्यंत गेलं. मी मोटरचं बटण बंद केलं आणि धावत गेले. तारा शाबूत होत्या. एकही सुटली नव्हती. पुण्याचे गृहस्थही आले, वाकून तारा बघितल्या आणि म्हणाले, "उतरताना नाक आणखी जरा वर ठेवायचं." त्यांनी एवढंच सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

सर टाळ्या वाजवत आले. मनापासून वाजवत होते, हे मी मानते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आता हे विमान आपल्या प्रवेशद्वारापाशी कायमचं राहील. मोडलेलं टोक तसंच ठेवू, त्यात इतिहास आहे.

मी म्हणाले, "नाही सर."

ते हसत म्हणाले, काय नाही?

"ते टोक दुरुस्त करायचं आहे. चाक बसवायचं आहे. मग ते परत उडणार आहे."

"हे कॉलेजचं आहे," सर म्हणाले.

"हो सर. कॉलेजचं आहे. पण पेटीत ठेवायचं म्हणून आम्ही ते केलं नाही."

'आम्ही' हा शब्द मी मुद्दाम वापरला. सरांनी वडिलांकडे बघितलं, त्यांनी मला समजवावं म्हणून असेल. वडिलांनी हात जोडून नमस्कार केला आणि जीपकडे निघाले. चुलत्यांनी विमान सुटं करायला घेतलं होतं. आत्याने मोडलेला पंख मांडीवर घेतला, जीपमध्ये खिडकीकडे बसली आणि टोकाचं लोंबणारं लाकूड पदराने बांधलं. नारायणगावपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तिने तो उचलून धरला. जीपमधल्या एका पाव्हण्याने तिला विचारलं की हे काय आहे. ती म्हणाली, विमान. त्याने पुढे विचारलं नाही.

याला आता काही दिवस झाले आहेत. विमान आमच्या पडवीत आहे. सर मला थेट काही विचारत नाहीत, त्यांचे निरोप येतात, शेजारच्या बाकावरच्याच्या तोंडून. प्रवेशद्वारापाशी पेटीची काच बसवून झाली म्हणे. मी उलट निरोप पाठवते की विमान उडताना बघायला या. नेमकं उत्तर अजून आलेलं नाही. उन्हाळ्यात मला तिन्ही घरांच्या खाचरांत पडकईला जायचं आहे, तेही टळणार नाही. पंखाचं टोक नवं केलं आहे. या वेळी मी ते पातळनळी लावून, दगडी ओट्यावर बांधलं. आत्या बाजूला बसून फासळ्या घासत होती आणि मला सांगत होती की जरा घाई कर, रविवारी पठारावर न्यायला जीपवाल्याला सांगून ठेवलंय.